मन उदास असताना : आधी छोटे काम, मन मागून येते



वस्तीत घरभेटीला गेलो की आम्हाला ऐकू येते, "ती नुसती पडून असते, आळशी झालीय." पण दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, सतत थकवा ही नैराश्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

नैराश्यात माणूस कामे सोडतो, लोकांना टाळतो. त्यामुळे समाधानाचे क्षण कमी होतात आणि उदासी वाढते. हे चक्र तोडायला मन लागण्याची वाट न पाहता छोटे काम ठरवून करायचे, हा एक उपचारच आहे.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांसह तो तपासला. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. काहींना नेहमीच्या उपचारासोबत सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटी देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले. भेटी न मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्या जिल्ह्यात जामखेडच्या आरोळे दांपत्याच्या प्रकल्पातही गावातल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. म्हणजे हे काम आपणही शिकू शकतो.

घरी असे करा :

१. दिवसभरात काय केले, तेव्हा मन कसे होते, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या.

२. पूर्वी आवडणारी एक आणि राहून गेलेली एक गोष्ट निवडा : शेजारणीकडे बसणे, रविवारी विहारात वंदनेला जाणे, रेशनकार्डाचे काम.

३. दिवस आणि वेळ ठरवा. जड वाटले तर काम लहान करा. सगळी भांडी नकोत, दोनच ताटे घासा.

४. घरच्यांनी टोमणे मारू नयेत, सोबत चालावे.

कर्ज, मजुरी नसणे, घरातली मारहाण यांनी मन खचले असेल, तर त्यावरही मार्ग शोधावा लागेल. त्यासाठी महिला मंडळाने उभे राहावे.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. जीव देण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत कधीही फोन करा.