कुत्र्यास जंतांचे औषध देताना घ्यावयाची काळजी

शेताची राखण, खळ्यावरील धान्याची चौकी व मेंढरांच्या कळपाचे रक्षण या कामी शेतकऱ्यास कुत्र्यावाचून चालत नाही. तथापि गाई-बैलांच्या दुखण्याकडे जेवढे लक्ष पुरविले जाते, तेवढे या राखणदाराच्या वाट्यास येत नाही. कुत्र्याच्या पोटातील जंत हे केवळ त्याचेच दुखणे नव्हे; त्यांपैकी काही घरातील मुलामाणसांस व मेंढरांसही बाधतात. म्हणून जंतांचे औषध नियमाने देणे अवश्य आहे. आणि चुकीच्या मापाने दिल्यास तेच प्राणावर बेतते, म्हणून ते समजून देणे तितकेच अवश्य आहे.

जंतांचे मुख्य प्रकार

(1) गोलकृमी : पिल्लांस याची बाधा आईच्या गर्भातच होते. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, केस रखरखीत होतात व वाढ खुंटते. याची अंडी अंगणातील मातीत दीर्घकाळ टिकतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात.

(2) अंकुशकृमी : हा आतड्यास चिकटून रक्त शोषतो. हिरड्या पांढुरक्या पडतात व विष्ठा डांबरासारखी काळी होते. लहान पिल्ले यामुळे दगावतात.

(3) पट्टकृमी : यांपैकी एक जात पिसवांमार्फत येते, तिचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे विष्ठेत दिसतात. दुसरी जात जेमतेम काही मिलिमीटर लांबीची असून अधिक घातक आहे. मेंढी-बकरीच्या यकृतातील वा फुप्फुसातील पाण्याने भरलेल्या गाठी कच्च्या खाल्ल्याने ती कुत्र्यास होते. पुढे तिची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास तशाच गाठी माणसाच्या यकृतात व फुप्फुसात होतात. त्या वर्षानुवर्षे नकळत वाढतात व पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

(4) हृदयकृमी : हा डासांमार्फत पसरतो. अळी शरीरात शिरल्यापासून सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढ होऊन हृदय व फुप्फुसांच्या धमन्यांत सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत लांबीचे कृमी साठतात. आपल्या देशात याचा आढळ प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांत आहे. महाराष्ट्रातील खेड्यात आतड्यातील जंतांचा बंदोबस्त हेच पहिले काम होय.

औषध केव्हा द्यावे

पिल्लांस वयाच्या 2, 4, 6 व 8 व्या आठवड्यात, त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, व पुढे दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. पाजणाऱ्या आईसही पिल्लांबरोबरच द्यावे. मेंढरांच्या कळपाबरोबर हिंडणाऱ्या व कच्चे मांस मिळण्याचा संभव असलेल्या कुत्र्यास पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेल हे औषध दरमहा द्यावे. घातक पट्टकृमीस अंडी घालण्याइतके वाढण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीच औषध पोचल्याने अंडी बाहेर पडत नाहीत. स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांस दिवस ध्यानात ठेवण्यास अमावास्या सोयीची आहे.

माप कसे ठरवावे

अंदाजाने औषध देऊ नये. प्रथम मालकाने एकट्याने काट्यावर उभे राहावे, मग कुत्र्यास उचलून पुन्हा वजन करावे. पहिले वजन 62 किलो व दुसरे 80 किलो आल्यास कुत्रा 18 किलोचा ठरतो. प्राझिक्वांटेल 50 मिलिग्रॅम, पायरँटेल पामोएट 144 मिलिग्रॅम व फेबँटेल 150 मिलिग्रॅम असलेली गोळी दर 10 किलो वजनास एक अशी असते. म्हणजे या कुत्र्यास दोन गोळ्या लागतील. सर्व गोळ्यांचे प्रमाण सारखे नसते, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचावा. गोळी भाकरीच्या घासात घालून द्यावी व ती ओकून टाकली नाही हे पाहावे. गाभण कुत्रीस वा अशक्त, आजारी कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून औषध देऊ नये.

गुरांचे औषध कुत्र्यास देऊ नये

काही ठिकाणी गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन उरले की तेच कुत्र्यास टोचतात वा पाजतात. यातील धोका हिशेबाने कळेल. हृदयकृमी टाळण्यासाठी या औषधाचे मासिक प्रमाण किलोस 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 18 किलोच्या कुत्र्यास 108 मायक्रोग्रॅम आहे. गुरांच्या एक टक्का औषधाच्या 1 मिलिलिटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे कुत्र्यास मिलिलिटरचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. नेहमीच्या सिरिंजेने एवढे सूक्ष्म माप घेता येत नाही, 0.1 मिलिलिटर गेले तरी ते नऊपटींहून अधिक होते. कोलीसारख्या काही परदेशी जातींस जादा मात्रा विशेष बाधते. बाहुल्या विस्फारणे, झोकांड्या जाणे, लाळ गळणे, दिसेनासे होणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपाय न करता औषधाच्या बाटलीसह कुत्र्यास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

हृदयकृमीच्या प्रदेशात सात महिन्यांवरील कुत्र्याची रक्ततपासणी केल्यावरच मासिक औषध सुरू करावे. ते औषध मागील महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, वाढलेले कृमी नव्हे. आणि रक्तात कृमींची पिल्ले असल्यास ती एकदम मरून कुत्र्यास धक्का बसण्याचा संभव असतो. एखादा महिना चुकल्यास दुप्पट मात्रा न देता पशुवैद्यकास विचारावे.

औषधानंतरची व्यवस्था

पट्टकृमीवरील औषध दिल्यावर कुत्रा दोन दिवस बांधून ठेवावा व त्याची विष्ठा जाळावी अथवा खोल पुरावी. कारण औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. कापलेल्या वा मेलेल्या मेंढरांचे गाठी असलेले अवयव कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावेत. खाऊ घालावयाचे अवयव अर्धा तास उकळावेत. पिसवांचा नायनाट करावा. कुत्र्यास हाताळल्यावर जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

ग्रामसेवकांनी गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करून वजन, औषध व तारीख यांची नोंद ठेवावी आणि पशुवैद्यकांच्या साहाय्याने ठराविक दिवशी सर्व कुत्र्यांस एकदम औषध द्यावे. एकाच घराने केलेला उपाय शेजारच्या कुत्र्यामुळे वाया जातो. सर्व गावाने मिळून केलेला टिकतो.