रिकाम्या संगणकांची सामूहिक शक्ती : फ्रॅक्टल चित्रे आणि स्वयंसेवी वितरित संगणन

महासंगणकाची उभारणी ही खर्चिक बाब आहे. त्याच वेळी घरांतील आणि कार्यालयांतील असंख्य संगणक दिवसाचा बराच काळ चालू असूनही जवळजवळ रिकामे असतात. ही न वापरली जाणारी क्षमता मालकाच्या संमतीने एखाद्या मोठ्या गणनेसाठी उपयोगात आणणे म्हणजे स्वयंसेवी वितरित संगणन होय. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा समजून घेण्यासाठी विशाल फ्रॅक्टल चित्रांची निर्मिती हे सोयीचे उदाहरण आहे.

फ्रॅक्टलचे गणित

ज्या आकृतीचा लहानसा भाग कितीही मोठा करून पाहिला तरी तिच्यातील गुंतागुंत संपत नाही, अशा आकृतीला सामान्यतः फ्रॅक्टल म्हणतात. हा शब्द गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९७५ मध्ये रूढ केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचाचा त्यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधन केंद्रात संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. त्यामागील पायाभूत गणित मात्र फ्रान्समधील गास्तों ज्युलिया व पिएर फातू यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच मांडले होते.

मँडेलब्रॉ संचाचा नियम अगदी सोपा आहे. प्रतलावरील एक बिंदू निवडावा. शून्यापासून आरंभ करून प्रत्येक वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करावा व त्यात निवडलेला बिंदू मिळवावा. बिंदू १ असेल, तर ०, १, २, ५, २६ अशी संख्या वाढतच जाते. म्हणून तो संचाबाहेर पडतो. बिंदू −१ असेल, तर ०, −१, ०, −१ अशी आवर्तने मर्यादेत राहतात. म्हणून तो संचात समाविष्ट होतो. संमिश्र संख्यांच्या प्रतलावरील प्रत्येक बिंदूस हीच कसोटी लावली जाते. संख्येचे मूल्य शून्यापासून २ पेक्षा दूर गेले, की तो बिंदू निश्चितपणे बाहेरचा ठरतो. त्यासाठी किती आवर्तने लागली, यावरून त्याला रंग दिला जातो.

विभागणी का शक्य होते?

या गणनेचा महत्त्वाचा गुणधर्म असा, की एका बिंदूचा रंग ठरविण्यासाठी शेजारच्या बिंदूची माहिती लागत नाही. त्यामुळे चित्राचे हजारो तुकडे करून ते हजारो संगणकांकडे सोपविता येतात आणि त्या संगणकांना परस्परांशी संपर्क ठेवावा लागत नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहू. रुंदी व उंची प्रत्येकी १० लाख पिक्सेल असलेल्या चित्रात एकूण १ लाख कोटी पिक्सेल असतील. प्रत्येकासाठी सरासरी १,००० आवर्तने लागतात व एक संगणक सेकंदाला १० कोटी आवर्तने करतो असे मानल्यास, त्या एका संगणकाला सुमारे ११६ दिवस लागतील. हेच काम १,००० संगणकांत समान वाटले, तर ते पावणेतीन तासांच्या आसपास पूर्ण होईल. मात्र स्वयंसेवकाचा संगणक दिवसाचा चौथा हिस्साच उपलब्ध असेल आणि पडताळणीसाठी प्रत्येक तुकडा दोनदा सोडवावा लागत असेल, तर हा कालावधी आठपट, म्हणजे सुमारे २२ तास होतो. तरीही ११६ दिवसांच्या तुलनेत ही बचत मोठी आहे.

व्यवस्थेची रचना

अशा प्रकल्पात मध्यवर्ती सर्व्हर कामाचे तुकडे तयार करतो. स्वयंसेवकाच्या संगणकावरील प्रणाली स्वतःहून काम मागते, संगणक रिकामा असताना ते पूर्ण करते आणि उत्तर परत पाठविते. मुदतीत उत्तर न आल्यास तोच तुकडा दुसऱ्याकडे दिला जातो.

येथे तीन अडचणी उद्भवतात. पहिली, समान क्षेत्रफळ म्हणजे समान श्रम नव्हे. संचापासून दूरचे बिंदू काही आवर्तनांतच बाहेर पडतात, तर संचातील बिंदूंसाठी ठरविलेली कमाल आवर्तने पूर्ण करावी लागतात. म्हणून तुकडे लहान ठेवून, हातातील काम संपविणाऱ्याला पुढचे काम देणे श्रेयस्कर ठरते.

दुसरी अडचण विश्वासार्हतेची. अनोळखी संगणकाचे उत्तर सदोष असू शकते. त्यामुळे दोन स्वतंत्र उत्तरांची तुलना केली जाते. परंतु निरनिराळ्या प्रोसेसरांवर दशांश अंकांच्या पूर्णांकनात सूक्ष्म फरक पडतो आणि संचाच्या सीमेजवळ हा फरक आवर्तनागणिक वाढत जातो. परिणामी दोन्ही संगणक निर्दोष असूनही उत्तरे जुळत नाहीत. यावर उपाय म्हणून एकच तुकडा सारख्या जातीच्या संगणकांकडेच पाठविला जातो.

तिसरी अडचण दळणवळणाची. तुकड्याचे स्थान व आकार कळविण्यास मोजके आकडे पुरतात; परंतु तयार चित्र परत येताना, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरल्यास, संक्षेपणाविना ३ लाख कोटी बाइट सर्व्हरकडे येतात; पडताळणीच्या प्रती धरल्यास त्याच्या दुप्पट. गणना सहज विभागता आली, तरी उत्तरांचा ओघ एकाच दारातून आत येतो. म्हणून गणनेचे श्रम अधिक व उत्तर लहान, अशा समस्यांनाच ही पद्धत सर्वाधिक मानवते.

प्रत्यक्षातील प्रकल्प

मोठ्या अविभाज्य संख्यांचा शोध घेणारा ‘गिम्प्स’ प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. परग्रहावरील बुद्धिमान जीवसृष्टीचे संकेत शोधणारा ‘सेटी ॲट होम’ हा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रकल्प मे १९९९ मध्ये लोकांसाठी खुला झाला. मार्च २०२० अखेर त्याने नवीन काम वाटणे थांबविले. त्याच विद्यापीठात विकसित झालेल्या ‘बॉइंक’ या मंचामुळे इतर वैज्ञानिकांनाही असे प्रकल्प उभारणे सुकर झाले.

फ्रॅक्टल कलेच्या क्षेत्रात स्कॉट ड्रेव्हज यांचा १९९९ मधील ‘इलेक्ट्रिक शीप’ हा प्रकल्प उल्लेखनीय आहे. त्यांनीच १९९२ मध्ये विकसित केलेल्या ‘फ्रॅक्टल फ्लेम’ पद्धतीवर तो आधारलेला होता. सहभागी संगणक विश्रांतीच्या काळात चलचित्रांतील चौकटी तयार करीत. प्रेक्षक आवडनिवड नोंदवीत आणि लोकप्रिय आकृत्यांच्या गुणधर्मांच्या संयोगातून पुढील पिढीच्या आकृत्या निर्माण होत.

प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ने २०२० मध्ये, कोविड महासाथीच्या काळात, सेकंदाला १० च्या १८ व्या घाताहून अधिक क्रियांची अंदाजित क्षमता गाठली. जगातील अग्रगण्य महासंगणकांच्या ‘टॉप ५००’ यादीत हा टप्पा २०२२ मध्ये ‘फ्रंटियर’ने ओलांडला. दोहोंच्या मोजमापाच्या पद्धती भिन्न असल्या, तरी लोकसहभागाची व्याप्ती यावरून लक्षात येते.

मर्यादा आणि भारतीय संदर्भ

स्वयंसेवी संगणन महासंगणकाची जागा घेऊ शकत नाही. हवामान अंदाजाच्या एकाच प्रतिमानात प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या क्षेत्रांशी माहितीची देवाणघेवाण करावी लागते. त्यासाठी परस्परांशी वेगाने जोडलेले प्रोसेसरच हवेत. भारतात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला, तर २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानास मंजुरी मिळाली. सी-डॅकच्याच ‘गरुड’ प्रकल्पाने देशातील संशोधन संस्थांची संगणनसाधने परस्परांशी जोडली. अशा ग्रिड संगणनात सहभागी संस्था परिचित व उत्तरदायी असतात. स्वयंसेवी संगणनात सहभागी व्यक्ती बहुधा अनोळखी असतात. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा.

ही शक्ती विनामूल्यही नसते. वरील उदाहरणात पडताळणीसह सुमारे ५,५५५ तासांचे संगणन होते. प्रत्येक संगणक त्यासाठी १०० वॅट अतिरिक्त वीज वापरतो असे मानल्यास एका चित्रासाठी साधारण ५५५ युनिट वीज खर्च होते आणि तिचे देयक स्वयंसेवक भरतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील संगणकांवर असे काम चालविण्यापूर्वी संस्थेची पूर्वपरवानगी, सुरक्षिततेची खातरजमा व वीजखर्चाचा विचार अनिवार्य ठरतो.

शिवाय यंत्रांची संख्या वाढविणे हा एकमेव मार्ग नाही. अतिखोल विवर्धनासाठी पूर्वी प्रत्येक बिंदूची गणना शेकडो अंकांच्या अचूकतेने करावी लागे. २०१३ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत एकाच संदर्भबिंदूची गणना अशा अचूकतेने होते. उर्वरित बिंदूंसाठी त्यापासूनचा फरक तेवढा साध्या अचूकतेने काढला जातो. त्यामुळे मोठ्या संगणकसमूहाला सोपवावे लागले असते असे काम घरगुती संगणकाच्या आवाक्यात आले. नागरिकांनी स्वेच्छेने दिलेले संगणनसामर्थ्य ही मौल्यवान सार्वजनिक साधनसंपत्ती आहे. तिची मागणी करण्यापूर्वी गणनेची पद्धत शक्य तितकी काटकसरीची करणे, हे प्रकल्प चालविणाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.