‘मृच्छकटिक’ वाचताना कोणाकडे पाहावे?

संस्कृत ग्रंथांशी आपला काय संबंध, असे काही जण विचारतात. पण वाचल्यावाचून पारख कशी होणार?

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे 10 अंकी नाटक चारुदत्त-वसंतसेनेची प्रेमकथा म्हणून नावाजले आहे. आपण त्यातील स्थावरक या दासाकडे पाहू. धनी शकार त्याला सांगतो, वसंतसेनेला ठार मार. लालूच दाखवतो, मारहाण करतो. तरी दास नकारच देतो. मग शकार स्वतः तिचा गळा दाबतो. तिला शुद्धीवर आणतो एक बौद्ध भिक्खू. पूर्वी अंग चेपणारा हा माणूस जुगारात बुडाला होता. त्याचे 10 सुवर्णांचे देणे तिनेच फेडले होते.

निरपराध चारुदत्ताला वधासाठी नेताना साखळदंडातला स्थावरक माडीवरून उडी टाकून सत्य सांगतो. पण शकार त्याला चोर ठरवतो, आणि दासाची साक्ष वाया जाते.

शेवटी राज्य पालटते, दास मुक्त होतो. परंतु प्राणघात न करणे आणि खोटे न बोलणे ही दोन शीले त्याने बेडीत असतानाच पाळली होती.

ही गोष्ट घरी मुलांना सांगा आणि विचारा : त्या गर्दीत आपण असतो, तर साक्ष कोणाची मानली असती?