हार्ट फेल्युअर : घरी आल्यावरचा खर्च

‘हृदयाचं पंपिंग २५ टक्के आहे’ असं डॉक्टर सांगतात, पेशंटला काही दिवस भरती करतात, पायांवरची सूज उतरते आणि माणूस घरी येतो. इथपर्यंतच्या खर्चाला महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी आधार आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याचीही मर्यादा ५ लाखच. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारा आणि रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा.

पण हा आधार भरती झालेल्या पेशंटला. डिस्चार्जनंतर थोड्या दिवसांची औषधं मिळतात, पुढची वर्षं बहुतेकांना खिशातूनच भागवावी लागतात. पुन्हा भरती व्हावं लागेल की नाही, हे बरंचसं या घरच्या काळातच ठरतं. म्हणून पैसे हातात कमी असतील तर आधी कुठे घालायचे, याला महत्त्व आहे.

पहिली खरेदी वजनकाट्याची. डिजिटल काटा साधारण ७०० ते १,५०० रुपयांना मिळतो. अंगात पाणी साठू लागलं की सूज डोळ्यांना दिसण्याआधी वजन वाढतं. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढेच कपडे घालून वजन करायचं. काटा सतरंजीवर नाही, सपाट फरशीवर ठेवायचा. आकडा लगेच वहीत लिहायचा. सोमवारी ६२.४, मंगळवारी ६२.९, बुधवारी ६४.६ असं दिसलं तर गुरुवारची वाट बघायची नाही. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. काही डॉक्टर अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची, हे आधीच लिहून देतात. तुमच्या डॉक्टरांकडून ते मागून घ्या.

दुसरा आणि कायमचा खर्च गोळ्यांचा. पंपिंग कमी झालेल्या पेशंटला सहसा चार प्रकारची औषधं आणि जोडीला पाणी काढायची, म्हणजे लघवीची गोळी असते. मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, टॉरसेमाइड या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत. महाग होत्या त्या नव्या, पण त्यांचेही भाव उतरलेत. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० पासून, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन २०२३ पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ पासून अनेक भारतीय कंपन्या बनवतात. एकाच औषधाच्या भावात कंपनीगणिक दुप्पट-तिप्पट फरक असतो. त्यामुळे महिन्याचं बिल अंदाजे दीड ते अडीच हजारांत बसू शकतं, किंवा त्याच औषधांचं चार हजारांवरही जाऊ शकतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातलं कमी किमतीचं कुठलं चालेल?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. जनऔषधी केंद्रात कोणती गोळी मिळते ते आधी बघा, पण कंपनी किंवा डोस परस्पर बदलू नका.

डॅपाग्लिफ्लोझिनची चिठ्ठी वाचून ‘ही तर साखरेची गोळी, मला कुठे डायबेटिस आहे?’ म्हणून ती बंद करणारे पेशंट असतात. ही गोळी मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठीच देतात. सूज उतरली, आता बरं वाटतंय, म्हणून गोळ्या सोडणं हे पुन्हा भरती होण्याचं एक मोठं कारण आहे. महिनाअखेरीला पैसे कमी पडले तर गोळी दिवसाआड करू नका, डॉक्टरांना सांगा.

मीठ कमी करायला एक रुपया लागत नाही, पण घराचा निश्चय लागतो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी मीठ, ही वरची मर्यादा. सकाळीच पेशंटच्या वाटणीचं मीठ छोट्या वाटीत काढून ठेवा आणि दिवसभर त्याच्या खाण्यात तेवढंच वापरा. पानात वाढायचं मीठ बंद. कणकेत आणि भातात मीठ नको. लोणचं, पापड, फरसाण, खारी आणि कोकणातलं सुक्या मासळीचं कालवण ही खरी छुपी मिठागरं. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ महागही असतं आणि त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन चालू असताना ते धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांनी अंगात पाणी साठतं.

तपासण्यांत काटकसर करायची झाली तर क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम या रक्ततपासण्यांत नको. औषधांचा डोस त्यांवरच ठरतो, आणि खर्च काहीशे रुपयांचाच. टू-डी एको खासगीत साधारण १,५०० ते ३,००० रुपयांना होतो, सरकारी आणि पालिका रुग्णालयांत बराच कमी. तो डॉक्टर सांगतील तेव्हाच करायचा, दर महिन्याला नाही. बीपीचं मशीन दीड-दोन हजारांत येतं, ते घ्यावं. महागडं स्मार्ट घड्याळ, प्रोटीन पावडरचे डबे आणि ‘ब्लॉकेज उघडणारे’ काढे यांवर मात्र पैसे घालू नका. त्या पैशांत कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा ताप-खोकलाही या पेशंटला रुग्णालयात नेऊ शकतो.

आणि मन. पूर्वी शेत सांभाळणारा, दुकान चालवणारा माणूस दिवसभर खाटेवर बसून राहिला की चिडतो, गप्प होतो, गोळ्या नको म्हणतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. डॉक्टर परवानगी देतील तेवढं रोज चालायला त्याच्यासोबत जा, वजनाची वही त्याच्याच हातात द्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, मोफत. त्याच्यासोबत रात्रंदिवस जागणाऱ्या बायकोनेही तिथे फोन करावा.

एका उशीवर झोपणाऱ्याला दोन-तीन लागू लागल्या तर डॉक्टरांना कळवा. रात्री दम लागून उठून बसावं लागलं, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन माणूस पडला तर सकाळपर्यंत थांबू नका, १०८ ला फोन करा. त्या रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत.