राख नाही, आगपेटी नाही, व्यसन मात्र आहे
व्हेपिंगविषयी पालकांनी काय जाणून घ्यावे?



घरातला मुलगा सिगारेट ओढू लागला आहे हे ओळखायला आपल्या आईवडिलांना फार वेळ लागत नसे. शर्टाला वास यायचा, बोटे पिवळी दिसायची, खिशात आगपेटी सापडायची. आजच्या मुलांच्या हाती आलेल्या वस्तूला यातले काहीच लागत नाही.

सुरुवात माझ्याच घरातून करते. माझा धाकटा मुलगा अकरावीत असताना कपडे धुण्यापूर्वी त्याच्या पँटच्या खिशात बोटाएवढी, चपटी, निळी वस्तू सापडली. पेनड्राइव्ह असेल, भिजला तर अभ्यास बुडेल, म्हणून मी ती पुसून त्याच्या टेबलावर जपून ठेवली. ती व्हेप होती, हे मला दोन महिन्यांनी त्याच्या चुलत बहिणीकडून कळले. मी शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी आई. माझी अशी फसगत झाली, तर इतरांचीही होऊ शकते.

ही वस्तू आहे तरी काय?

व्हेप म्हणजेच ई-सिगारेट. तिचा आजचा प्रकार २००३ साली चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने तयार केला. सिगारेट ओढणाऱ्याला धुराऐवजी दुसरे काही देता यावे, हा त्यामागचा हेतू होता. आत एक बॅटरी, तारेचे छोटे वेटोळे आणि थोडा द्रव असतो. ओढताच तार तापते आणि द्रवाचा ढग तयार होतो.

मुले म्हणतात, "ती नुसती वाफ आहे." हे खरे नाही. चहाच्या भांड्यावरची वाफ पाण्याची असते. या ढगात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन यांचे अतिसूक्ष्म कण असतात. द्रव तापल्यावर फॉर्माल्डिहाइडसारखी घातक रसायने तयार होऊ शकतात. तापणाऱ्या तारेतून निकेल, शिसे अशा धातूंचे अंशही त्यात उतरतात. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी हे स्वाद ऐकून गोळ्या-चॉकलेटे आठवतात. पण खाण्यासाठी सुरक्षित असलेला स्वाद फुप्फुसात ओढण्यासाठीही सुरक्षित असतो, असे नव्हे.

खरा धोका निकोटिनचा

पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ठसका लागतो. तो ठसका म्हणजे शरीराने दिलेला इशाराच. नव्या व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात वापरतात. त्यामुळे घसा फारसा खवखवत नाही आणि नवखे मूलही बरेच निकोटिन सहज आत ओढते. २०१५ साली अमेरिकेत 'जूल' नावाची ई-सिगारेट बाजारात आली. तिच्या एका छोट्या कुपीत सिगारेटच्या एका पाकिटाएवढे निकोटिन असल्याचे कंपनीच सांगत असे. २०१९ पर्यंत तेथील हायस्कूलच्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे २७ जण ई-सिगारेट ओढू लागले होते.

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. एकाग्रता, स्मरणशक्ती, मनावरचा ताबा यांची घडण याच वयात होते, आणि निकोटिन नेमके तेथेच हात घालते. म्हणून मोठ्या माणसापेक्षा मुलाला व्यसन लवकर जडते. मग निकोटिन मिळाले नाही की चिडचिड होते, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुन्हा एक झुरका घेतला की बरे वाटते. मुलाला वाटते, व्हेपमुळे आपला ताण कमी होतो. वास्तविक तो ताण बऱ्याच अंशी व्हेपनेच आणलेला असतो.

मुलांना खरे तेच सांगा

धाक घालण्यासाठी वाढवून सांगू नये. मुले मोबाइलवर शोधतात, आणि आपली एक गोष्ट खोटी निघाली की उरलेल्या नऊ गोष्टींवरही त्यांचा विश्वास राहत नाही. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण सोडून ई-सिगारेट घेतली, तर त्याच्या शरीरात काही विषे कमी जातात, हे खरे आहे. पण ज्या मुलाने सिगारेट कधी ओढलीच नाही, त्याच्यासाठी ही सुटका नसून व्यसनाची सुरुवात आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी माणसे, त्यांत कितीतरी तरुण, फुप्फुसे निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता आणि त्यात 'ई' जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप मिसळलेले आढळले. ओढणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. यातून एवढा धडा घ्यावा की, कुपीत काय आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही.

आपल्याकडे तर बंदी आहे ना?

आहे. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या मुलांना हे जरूर सांगा. चार पैसे सुटतात म्हणून वर्गमित्राला व्हेप विकून देणे हा खेळ नव्हे, गुन्हा आहे.

पण बंदी आहे म्हणून वस्तू नाही, असे समजू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला रिकाम्या पुड्या दिसतातच. व्हेपही तशीच चोरून येते. चोरीच्या मालाची तपासणी कोणी करत नाही. त्यामुळे आपल्या मुलांना मिळणाऱ्या कुपीत किती निकोटिन आहे आणि आणखी काय मिसळले आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

१. पेनड्राइव्ह, पेन किंवा हायलायटरसारखी अनोळखी वस्तू. न ओळखता येणारा चार्जर.
२. खोलीत किंवा दप्तराला कारण नसताना येणारा गोडसर, फळांसारखा वास.
३. वारंवार तहान लागणे, तोंड कोरडे पडणे, रेंगाळणारा खोकला, खेळताना लवकर दम लागणे.
४. सतत बाथरूममध्ये जाणे, विनाकारण चिडचिड, पैशांचा हिशेब न लागणे.

यांतली एखादी खूण दिसली म्हणजे मूल व्हेप ओढतेच, असे नव्हे. खोकला पावसाळ्यातही होतो. खुणा पाहून आधी शांतपणे विचारा, एकदम आरोप करू नका.

सापडले तर काय करावे?

मी केले ते करू नका. मी त्याच्या मोठ्या भावासमोर ओरडले, मोबाइल काढून घेतला, "आमचे नाव घालवलेस" म्हणाले. आठ दिवस तो घरात बोलला नाही. पुढच्या रविवारी मिस्साहून पायी परतताना मीच म्हटले, "मी ओरडले ते चुकले. तुला ते कसे लागले, एवढेच सांग." थोडे चालून झाल्यावर तो म्हणाला, "आई, मला सोडायचे आहे, पण दुपारपर्यंतही राहवत नाही." तेव्हा माझ्या लक्षात आले की मी ज्याला उद्धटपणा समजत होते, ती त्याची अडचण होती.

बोलण्यासाठी निवांत वेळ निवडा. आधी ऐका. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. त्या दिवसांत त्याच्या चिडण्याकडे थोडे दुर्लक्ष करा. तो एकदा घसरला तर सगळे संपले असे मानू नका. आमचा मुलगा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. सापडलेली व्हेप घरात ठेवू नका. त्यातील द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते.

शेवटी आपल्याविषयी. आपणच मिश्री लावत असू, जेवणानंतर सिगारेट पेटवत असू, तर आपला उपदेश मूल कोणत्या कानाने ऐकेल? व्हॅटिकनने २०१८ पासून आपल्या हद्दीतील सिगारेटची विक्री बंद केली. त्या विक्रीतून उत्पन्न मिळत होते, तरी लोकांच्या आरोग्याला घातक असलेल्या गोष्टीत सहभाग नको, असे ठरवले. आपल्या उंबरठ्याच्या आत आपणही एवढे ठरवू शकतो.

निराश होण्याचे कारण नाही. ज्या अमेरिकेत २०१९ मध्ये हायस्कूलच्या शंभरातील २७ मुले ई-सिगारेट ओढत होती, तेथे २०२४ मध्ये हे प्रमाण आठाच्या आसपास आले. आलेली लाट ओसरू शकते.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी

१. आपल्या मुलांनी व्हेप पाहिली आहे का? कोठे पाहिली? (न रागावता विचारा.)
२. मुलाला एखादी चूक कबूल करायची असेल, तर तो प्रथम घरात कोणाकडे जाईल? आपल्याकडे येणार नसेल, तर का?
३. घरातील मोठ्यांपैकी कोणी तंबाखू सोडायला तयार आहे का? मुलांसमोर तसे सांगता येईल का?