चिडका ओव्ह आणि त्याचे शेजारी

प्रश्न : जवळच्या माणसाने फसवल्यापासून कुणावर विश्वास टाकवत नाही. एखादी हलकीफुलकी कादंबरी सुचवाल?

उत्तर : स्वीडिश लेखक फ्रेडरिक बॅकमन यांची २०१२ ची ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ जरूर वाचावी. ५९ वर्षांचा विधुर ओव्ह रोज सकाळी वसाहतीत गस्त घालतो, नियम मोडणाऱ्यांवर डाफरतो. नव्या शेजाऱ्यांचा ट्रेलर मागे घेताना त्याच्या पत्रपेटीवर आदळतो. वैतागून ओव्ह स्वतःच गाडी लावून देतो. पुढे शेजारीण पर्वानेहला तो गाडी शिकवतो, ते प्रसंग तर खळखळून हसवतात.

शिडी देणं, दवाखान्यात सोडणं अशा किरकोळ कामांतून त्याचा माणसांवरचा विश्वास परततो.

मात्र ओव्हच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. मन फारच खचलं असेल, तर आधी समुपदेशकाशी बोलावं, पुस्तक नंतर.