एका जागेला माणसे किती?

वाचकहो, या सदरात आपण बहुधा माणसांच्या आजारांविषयी बोलतो. आज दवाखान्याच्याच प्रकृतीविषयी बोलू. खेड्यातून येणारे रुग्ण मला एक प्रश्न वारंवार विचारतात. "डॉक्टरसाहेब, आमच्या आरोग्य केंद्राची इमारत चांगली आहे, औषधे येतात, गाडीही उभी असते. मग रात्री-अपरात्री गेलो की तिथे माणूस का सापडत नाही?" यावर चावडीवरचे ठरलेले उत्तर म्हणजे "सगळे कामचुकार आहेत". कामचुकार लोक असतात, ते सगळ्याच खात्यांत असतात. पण केवळ त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यामागे एक हिशेब आहे. तो पाचवी-सहावीतल्या गणितापेक्षा अवघड नाही, आणि प्रत्येक नागरिकाला तो यायला हवा.

मोजमाप कोठून आले?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच. पुढे १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सुचविले, की हिवतापाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे कर्मचारी ठेवण्याऐवजी सर्व कामे करणारा एक पुरुष व एक स्त्री कर्मचारी असावा. आज आपण ज्यांना आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका म्हणतो, ते यातूनच आले.

सध्याचे प्रमाण असे आहे. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी व आदिवासी भागासाठी हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे आहेत.

आता आपला जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. त्यातले सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहतात, म्हणजे साडेबारा लाखांहून थोडे अधिक. भागाकार केला तर सुमारे ४२ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि अडीचशे उपकेंद्रे लागतात. हा हिशेबही २०११ चा. २०२१ मध्ये व्हायची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी जुन्याच डोक्यांवर नव्या माणसांचा हिशेब चालतो. आपल्या तालुक्यात केंद्रे किती आहेत हे आपणच मोजून पाहावे.

एका खुर्चीला पाच माणसे

खरी मेख पुढेच आहे. एखाद्या वॉर्डात एक परिचारिका दिवसरात्र, बाराही महिने हजर असावी, एवढीच आपली मागणी आहे असे समजू. त्यासाठी किती परिचारिका नेमाव्या लागतील? तीन पाळ्या म्हणून तीन, असे बहुतेकांना वाटते. ते चूक आहे.

वर्षाचे दिवस ३६५. त्यातून साप्ताहिक सुट्या ५२, अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८ आणि सण, प्रशिक्षण, आजारपण मिळून १५ दिवस वजा करा. राहिले २६०. रोज ८ तासांप्रमाणे एका व्यक्तीचे वर्षाचे कामाचे तास झाले २,०८०. खुर्ची मात्र वर्षात ८,७६० तास भरलेली हवी. भागाकार केला तर उत्तर सव्वाचार येते. पाव माणूस नेमता येत नाही, म्हणून पाच. त्यातली एखादी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली तर पाचही काठावरच पुरतात. आरोग्यसेवेत बहुसंख्य महिला आहेत. त्यांची प्रसूती रजा ही काही अचानक आलेली आपत्ती नव्हे. ती हिशेबात आधीच धरायला हवी.

आता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळा. तिथे साधारणपणे दोन वैद्यकीय अधिकारी असतात. दोघांचे मिळून तास झाले ४,१६०, म्हणजे वर्षाच्या निम्म्याहूनही कमी. त्यातूनच शिबिरे, जिल्ह्याच्या बैठका, शवविच्छेदन, कोर्टाची साक्ष, शाळा-अंगणवाडीची तपासणी. दोन्ही जागा भरलेल्या आणि दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असले, तरी रात्रीच्या अनेक वेळा डॉक्टरविना जाणारच. एक जागा रिकामी असेल तर काय होत असेल, ते सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी जिंतूरकडच्या डोंगरपट्ट्यातून एका शेतमजुराला मध्यरात्री माझ्याकडे आणले होते. पायाला साप चावलेला. वाटेत एक आरोग्य केंद्र लागले होते, त्याचे नाव सांगत नाही. नातेवाईक संतापलेले होते. "नर्सबाईंनी हातसुद्धा लावला नाही," असे म्हणत होते. चौकशी केली तेव्हा कळले, की डॉक्टरची जागा रिकामी होती, नर्सबाई एकट्याच होत्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर एक बाई बाळंत होत होती. बाळाचे डोके दिसत असताना त्या टेबल सोडून येणार कशा? तो मजूर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी गेला, वाचला. पण त्या रात्री एक बाई, तिचे बाळ आणि एक मजूर असे तीन जीव दोन हातांवर टांगलेले होते.

लोकसंख्येवरून की कामावरून?

केवळ डोकी मोजून माणसे नेमण्यात एक दोष आहे. दोन उपकेंद्रांची लोकसंख्या सारखी असली तरी काम सारखे नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये कामाच्या भारावरून मनुष्यबळ ठरविण्याच्या पद्धतीची पुस्तिका काढली आणि २०१० मध्ये ती सुधारली. पद्धत सोपी आहे. एका कामाला किती वेळ लागतो आणि ते वर्षातून किती वेळा करावे लागते याचा गुणाकार करायचा, सर्व कामांची बेरीज करायची आणि तिला एका माणसाच्या वर्षाच्या तासांनी भागायचे.

आरोग्य सेविकेचे उदाहरण घेऊ. वेळेचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. ५ हजार वस्तीत वर्षाला साधारण ८० बाळंतपणे होतात. प्रत्येक गरोदर मातेच्या चार तपासण्या, प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे १०७ तास. बाळाच्या पहिल्या वर्षातील लसीकरणाच्या पाच खेपा, प्रत्येकी १० मिनिटे, म्हणजे ६७ तास. बाळंतिणीच्या घरी तीन भेटी, जाण्यायेण्यासह तासभर, म्हणजे २४० तास. तिशीपुढच्या सुमारे २ हजार लोकांचा रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासायची तर ५०० तास. बेरीज ९१४. शिवाय नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरायला रोज दोन तास, म्हणजे ५२०. महिन्याला दोन दिवस बैठका, म्हणजे १९२. एकूण १,६२६ तास. हातात असतात २,०८०. उरलेल्या साडेचारशे तासांत ताप-खोकल्याचे रुग्ण, साथीचे सर्वेक्षण, पाण्याचे नमुने.

तीच सेविका ८ हजार वस्तीला दिली तर? बेरीज २,१७४ तासांवर जाते. म्हणजे तापाचा एकही रुग्ण पाहण्याआधीच तिचे वर्ष संपले. मग एक तर भेटी कागदावर होतात, किंवा ती बाई स्वतः आजारी पडते. दोन्हींची किंमत गावच मोजते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जाताना पोटुशी असलेली बाई येताना तान्हे बाळ घेऊन येते, बहुतेक वेळा अर्धवट लसींसह. पावसाळ्यात सर्पदंश आणि हगवण, मे महिन्यात उष्माघात. काम असे हंगामी असताना कर्मचारी मात्र वर्षभर एकाच मापाने वाटले जातात.

पेरणीला उशीर, पीक नाही

माणूस तयार व्हायलाही काळ लागतो. आरोग्य सेविकेचे शिक्षण दोन वर्षांचे, परिचारिकेचे तीन ते चार, आंतरवासितेसह एमबीबीएस साडेपाच. तज्ज्ञ व्हायचे तर आणखी तीन. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथल्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर २०२९ च्या सुमारास बाहेर पडतील, आणि त्यांतला एखादा बालरोगतज्ज्ञ २०३२ च्या आधी मिळणार नाही.

भरतीलाही वेळ लागतो. राज्याच्या आरोग्य विभागाची 'क' आणि 'ड' गटाची परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये ऐनवेळी पुढे ढकलली गेली, ऑक्टोबरात झाली, पेपर फुटला आणि अखेर रद्द झाली. नवी जाहिरात निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, १० हजार ९४९ जागांसाठी. दोन वर्षे गेली. त्या काळातही माणसे निवृत्त होतच होती. कोण केव्हा निवृत्त होणार हे सेवापुस्तकात पहिल्याच दिवशी कळलेले असते. पेरणीची तारीख माहीत असताना बियाणे मृग निघाल्यावर शोधायला जाणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणू?

मधली पोकळी कंत्राटी माणसांनी भरली जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने पुष्कळ हात दिले, हे मान्य करायलाच हवे. पण तेच काम, कमी पगार आणि दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार, असे किती काळ चालणार? ऑगस्ट २०२५ मध्ये या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप केला, तेव्हा आपली सेवा कोणाच्या खांद्यावर उभी आहे हे सर्वांना कळले.

याचा शेवट कोठे होतो, तेही पाहू. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर व रिक्त पदांची माहिती मागितली. रुग्ण अत्यवस्थ होऊनच आले होते, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. ते खरे मानले, तरी पुढचा प्रश्न उरतोच. आपल्या भागातले रुग्ण नांदेडला पोहोचेपर्यंत अत्यवस्थ का होतात? कारण खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर त्यांना धरायला हात नसतात.

आपण काय करावे?

१. आपल्या केंद्राविषयी तीन आकडे विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती आणि प्रत्यक्ष हजर किती. भरलेल्या पदावरचा माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किंवा दीर्घ रजेवर असू शकतो. म्हणून तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा.

२. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. अर्ज योग्य ठिकाणी द्या. उत्तर न मिळाल्यास १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा.

३. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानाचा विषय काढा. नळाला पाणी, दाराला कडी आणि अंगणात दिवा नसेल, तर एकटी सेविका गावात मुक्काम कशी करील?

४. संतापाच्या भरात कर्मचाऱ्यावर हात उगारू नका. २०१० च्या कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय मार खाल्लेला माणूस बदली मागतो आणि गावाची खुर्ची आणखी वर्षभर रिकामी राहते.

५. बाळंतपणाची तारीख जवळ आली की आशाताईंना विचारून कोणत्या केंद्रात रात्री कोण हजर असते, हे आधीच माहीत करून घ्या. गाडीचा १०८ क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा.

इमारतीचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. रिक्त जागेचा फोटो निघत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही. ती दिसायची असेल, तर आपल्याला आकडे विचारायची सवय लावून घ्यावी लागेल.

(पुढील लेखात: सर्पदंश झाल्यास काय करावे, काय टाळावे.)